तीन अ‍ॅप, तीन आकडे: कॅरोलायनातल्या बर्फाच्या अंदाजाचं काय करायचं?

प्रश्न असा आहे: नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला येऊन पाच महिने झाले, पहिलाच हिवाळा, आज बुधवार. शनिवारी रात्री वादळ येणार म्हणतात. एक अ‍ॅप आठ इंच बर्फ दाखवतंय, दुसरं एक इंच, तिसरं नुसता पाऊस. घरात पुण्याहून आलेले सासू-सासरे आहेत, सासऱ्यांचं इन्सुलिन चालू आहे, बाळ चार महिन्यांचं. कुणाचं खरं मानायचं आणि किती तयारी करायची?

मी १९९९ साली केरीशेजारच्या रॅलेला हवामानशास्त्र शिकायला आलो तो इथलाच झालो. टीव्हीवर दिसत नाही. रस्त्यांवर मीठ टाकणारे कंत्राटदार, शाळांच्या बस चालवणारे अशा लोकांना हिवाळ्यात अंदाज देणं हे माझं काम. त्यामुळे आधी उत्तर, मग कारणं. आठ इंच विसरा. नुसता पाऊसही विसरा. दोन-तीन दिवस वीज नसेल असं धरून तयारी करा आणि ती शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उरका. वीज गेली नाही तर उत्तमच, आणलेलं काही वाया जाणार नाही.

आता तीन आकड्यांचं कोडं. तिन्ही अ‍ॅप बहुधा एकाच पाण्याबद्दल बोलताहेत. वादळातून साधारण पाऊण-एक इंच पाणी पडणार, यावर फारसा वाद नसतो. वाद असतो तो ते पाणी कुठल्या रूपात खाली येणार याचा. एक इंच पाणी भुसभुशीत होऊन पडलं तर ढोबळमानाने दहा इंच थर साचतो. तेच दाणेदार होऊन आलं तर दोन-तीन इंच. आणि पाऊस म्हणून पडून खाली आल्यावर गोठलं, तर मोजायला काहीच दिसत नाही, फक्त झाडं, तारा, पायऱ्या यांच्यावर काचेसारखा लेप बसतो. साधी अ‍ॅप काय करतात, तर अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या मॉडेलने ‘गोठलेलं’ म्हटलं की सरसकट दहाने गुणतात, दाण्यांनासुद्धा. शून्य पूर्णांक आठ इंच पाणी गुणिले दहा, झाले आठ इंच. बघणारा घसरगुंडी शोधायला बाहेर पडतो आणि प्रत्यक्षात मेणबत्ती शोधायची वेळ येते.

यात आपल्या भाषेचीही थोडी अडचण आहे. आपल्याकडे सगळ्याला बर्फच म्हणतात. फ्रीजमधला बर्फ, उसाच्या रसातला बर्फ, हिमालयातला बर्फ. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी वर्तमानपत्रात बर्फच. इथे मात्र स्नो, स्लीट आणि फ्रीझिंग रेन ही तीन वेगळी संकटं आहेत, आणि फोनवर पुण्याला ‘बर्फ पडणार आहे’ असं सांगताना आपण तिन्हींची मिसळ करून टाकतो. मी खाली हिम, दाणे आणि गोठता पाऊस म्हणेन. दाणे म्हणजे साबुदाणा डोळ्यांसमोर आणा: घरामागच्या लाकडी डेकवर पडून टणाटण उड्या मारतो. हिम पडताना आवाज येत नाही. आणि गोठता पाऊस ऐकायला आणि बघायला अगदी साधा पाऊस असतो. म्हणूनच माणसं फसतात.

कुठलं रूप मिळणार हे जमिनीवरच्या तापमानावर कमी आणि डोक्यावरच्या हजार-दीड हजार मीटरवरच्या हवेवर जास्त अवलंबून असतं. ढगातून निघालेलं हिम खाली येताना मध्ये उबदार थर लागला तर वितळतं. त्याखाली गार हवेचा थर जाड असेल तर थेंब परत गोठून दाणा होतो. पातळ असेल तर थेंब थेंबच राहतो, पण शून्याखालचा, आणि ज्याला टेकेल तिथे गोठतो. हा उबदार थर एखाद्या अंशाने इकडे-तिकडे झाला की हिमाचे दाणे होतात आणि दाण्यांचा गोठता पाऊस. विमानतळावर हिम, केरीत दाणे आणि दक्षिणेला फ्युक्वे-व्हरिनात पाऊस, हे एकाच वेळी घडताना मी पाहिलंय. अंतर किती, तर दादरहून डोंबिवलीला जावं इतकं. म्हणजे तुमची तिन्ही अ‍ॅप तीन वेगवेगळ्या गावांसाठी एकाच वेळी बरोबर ठरू शकतात.

कॅरोलायनात हे जास्त का होतं? पश्चिमेला अ‍ॅपलेशियन डोंगररांग. न्यू यॉर्क, न्यू इंग्लंडकडे हवेच्या जास्त दाबाचं केंद्र बसलं की तिथली कोरडी गार हवा डोंगराच्या पूर्वेच्या बाजूने दक्षिणेला सरकते. तिला डोंगर चढून जाता येत नाही, मग ती पायथ्याशी साचते, धरणात पाणी साचावं तशी. आम्ही त्याला ‘वेज’ म्हणतो, पाचर. वरून मेक्सिकोच्या आखाताकडची दमट, उबदार हवा या पाचरीवर चढते. खाली गार, वर ऊब, त्यावर ढग. गोठत्या पावसाची पाककृती हीच.

म्हणून मी सकाळी उठून पहिल्यांदा इंच बघत नाही, तो जास्त दाब कुठे बसलाय ते बघतो. कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं. गोठता पाऊस पडतो तेव्हा तो स्वतःच हवा गरम करत असतो, आणि उत्तरेकडून ताज्या गार हवेचा पुरवठा नसेल तर दोन-तीन तासांत पारा ३२ फॅरेनहाइटवर, म्हणजे आपल्या शून्यावर येऊन ठेपतो आणि खेळ संपतो. उत्तरेकडचा दाब पक्का बसलेला असेल तर पुरवठा चालू राहतो आणि तेच वादळ बारा तास लेप चढवत राहतं. दाब समुद्राकडे सरकत असेल तर मी निम्मी काळजी सोडतो.

दुसरी खूण घरबसल्या बघण्यासारखी आहे: दवबिंदू, म्हणजे हवा जितकी गार झाली की दव पडायला लागतं ते तापमान. शनिवारी दुपारी तापमान ३८ फॅरेनहाइट दिसेल आणि शेजारचे म्हणतील, छे, इतक्यात कुठलं गोठतंय. तेव्हा दवबिंदू बघा. तो २० असेल तर हवा खडखडीत कोरडी आहे. पाऊस सुरू झाला की त्यातला थोडा हवेतच सुकतो आणि सुकताना हवा गार करतो. माठातलं पाणी गार होतं तसंच. या ३८ आणि २० च्या जोडीत पारा तासाभरात जवळजवळ गोठणबिंदूला येतो. उलट तापमान ३८ आणि दवबिंदू ३६ असेल तर घसरायला जागाच नाही, तो नुसता पाऊस. दोन आकड्यांचा हा खेळ कुठल्याही अ‍ॅपच्या चित्रापेक्षा जास्त सांगतो.

मग बघायचं कुठे? नॅशनल वेदर सर्व्हिसचं रॅले कार्यालय. ते नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि सेवा फुकट आहे. पुण्यात सिमला ऑफिसवरून जाताना ‘वेधशाळेने पाऊस सांगितलाय, छत्री घरी ठेव’ म्हणणाऱ्यांपैकी मीही होतो, तेव्हा सरकारी खात्यावर विश्वास ठेवा म्हणताना मलाच मजा वाटते. पण ठेवा. त्यांच्या पानावर हिवाळी वादळाआधी तीन आकडे दिसतात: अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. कमीत कमी म्हणजे दहात नऊ वेळा त्याहून जास्त पडेल असा, जास्तीत जास्त म्हणजे दहात एखाद्याच वेळी ओलांडला जाईल असा. या दोन टोकांमधलं अंतर हीच खरी माहिती. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे सात असेल तर मधला तीन सांगणारा माणूस काहीच सांगत नाहीये. त्याच पानावर ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा साध्या मजकुराचा दुवा असतो. अंदाज लिहिणारा माणूस तिथे सहकाऱ्यांशी बोलल्यासारखं लिहितो: मला कशाची खात्री आहे, कशाची नाही. भाषा जरा रुक्ष आहे, पण दोनदा वाचलंत की सरावाल.

याच कार्यालयाच्या इशाऱ्यांतल्या वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक लग्नाच्या भाषेत सांगतो. वॉच म्हणजे बोलणी चालू आहेत, जमेल असं वाटतंय. वॉर्निंग म्हणजे पत्रिका छापल्या. अ‍ॅडव्हायजरी म्हणजे घरगुती साखरपुडा: कार्य छोटं, पण रस्त्यावर पाय घसरून पडायला पुरेसं. आमच्या भागात पाव इंच किंवा जास्त लेपाची शक्यता पक्की झाली की ‘आइस स्टॉर्म वॉर्निंग’ लागते. पाव इंच ऐकायला किरकोळ वाटतं. पाव इंचाला फांद्या मोडायला लागतात. अर्ध्या इंचाला दोन खांबांमधल्या तारेवर सुमारे ५०० पौंड वाढीव ओझं येतं, म्हणजे सव्वादोनशे किलो. त्यात केरीभर उभे असलेले उंच, उथळ मुळांचे पाइन.

बुधवारी शनिवारच्या गोष्टी किती मनावर घ्यायच्या, हा प्रश्न रास्त आहे. ज्या लाटेतून हे वादळ तयार होणार ती आज अजून पॅसिफिकवर आहे. किनाऱ्याला लागली की फुग्यांच्या जाळ्यात येते. हवामानाचे फुगे दिवसातून दोनदा सोडतात, इथल्या हिवाळ्यातल्या घड्याळाने सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला. म्हणून गुरुवारी रात्रीनंतरचे अंदाज बरेच ठाम होतात. तरी फसगत होते. २४ जानेवारी २००० ला दिवसा मॉडेलं वादळाला समुद्रावरून नेत होती. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून रॅलेच्या विमानतळावर २०.३ इंच हिम पडलं. माझा इथला पहिलाच हिवाळा. खोलीचं दार आत उघडत होतं म्हणून उघडलं, नाहीतर अडकलोच होतो. त्या दिवसापासून मी ‘नक्की’ हा शब्द वापरणं सोडलं.

हिमापेक्षा लेप वाईट हे मात्र २००२ ने शिकवलं. ४ आणि ५ डिसेंबरला कॅरोलायनात गोठता पाऊस झाला आणि दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली, काहींची आठवड्याहून अधिक काळ. मी रात्री दोनला डेकवर उभा होतो. वारा नव्हता. पाऊस पडतोय इतकंच ऐकू येत होतं. मग लांबून बंदुकीसारखा आवाज आला, मग जवळून: पाइनच्या फांद्या. प्रत्येक आवाजानंतर लेप फुटून काचेचा खच पडल्यासारखी किणकिण. क्षितिजावर हिरवट-निळे झोत उठत होते, ट्रान्सफॉर्मर उडत होते. रेलिंगवर बोट ठेवलं तर लाकूड नव्हतंच, त्यावर बोटभर पारदर्शक काहीतरी होतं.

त्या वादळानंतर शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीत कार्बन मोनॉक्साइडने आजारी पडल्याच्या १२४ केसेस नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या गंभीर केसेस बहुतेक अशा घरांतल्या होत्या जिथे हा वायू ओळखणारा, चालू स्थितीतला अलार्म नव्हता. लोकांनी गारठ्याने कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या, जनरेटर गॅरेजमध्ये लावले. या वायूला वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस झोपून जातो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा शेक देण्याची जुनी सवय, त्यामुळे घरात मोठी माणसं आहेत म्हणून स्पष्टच सांगतो: इथली घरं फटी बुजवून बांधलेली असतात. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह, काहीही आत पेटवायचं नाही. जनरेटर असेल तर घराबाहेर, खिडक्या-दारांपासून २० फूट लांब. गॅसच्या शेगडीचा बर्नर काडीने पेटवून चहा करायला हरकत नाही. तिच्यावर घर तापवायचं नाही. आणि बॅटरीवरचा अलार्म उद्याच आणा, बटण दाबून वाजवून बघा.

‘आमचं हीटिंग गॅसचं आहे, वीज गेली तरी काय’ असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. फर्नेसचा पंखा विजेवर चालतो, त्याशिवाय गॅस पेटतच नाही. म्हणून एक खोली ठरवा, शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली आणि छोटी. दाराखाली टॉवेल, खिडकीवर रजई, सगळे तिथेच. बाळाला जड पांघरूण घालू नका, अंगावर कपड्यांचे थर चढवा. बाळ फॉर्म्युल्यावर असेल तर पाणी न घालता देता येणाऱ्या तयार बाटल्या मिळतात, त्या चार-पाच आणून ठेवा.

इन्सुलिनचं थोडं उलटं आहे. लोकांना वाटतं फ्रीज बंद पडला की ते बिघडेल, म्हणून डेकवर बर्फात ठेवतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानाला सुमारे २८ दिवस टिकतं; सासऱ्यांच्या खोक्यावरचा आकडा बघून घ्या. चालू पेन घरात, खिशात ठेवलं तरी चालतं. बाकीचं बंद फ्रीजमध्येच राहू द्या. फ्रीज न उघडता चार तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. म्हणून शुक्रवारी रात्रीच पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये भरून ठेवा.

खाण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकन माणूस वादळाच्या बातमीने पाव आणि दूध उचलून दुकान रिकामं करतो. का, ते मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. दडपे पोहे, भडंग, सातूचं पीठ, मेतकूट, लाडू, केळी यांवर तीन दिवस विजेशिवाय निघतात. शनिवारी सकाळीच पोळ्या जास्त करा. थर्मास भरा. शेगडी इंडक्शनची असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून जातात, कारण ही घरं उन्हाळा डोक्यात ठेवून बांधलेली आहेत. पारा २० फॅरेनहाइटखाली जाणार असेल तर बाहेरच्या होजपाइप काढून घ्या, पाण्याच्या मीटरपासून लांबच्या नळाची बारीक धार चालू ठेवा, सिंकखालची दारं उघडी ठेवा. पाण्याचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हाताने फिरवून बघावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये असंख्य घरांत पाइप फुटले. छतातून पाणी येत असताना वॉल्व्ह शोधत फिरणं हा अनुभव तिथल्या अनेक मराठी घरांनीही घेतलाय.

गाडीबद्दल एकच सांगतो: काढू नका. १९ जानेवारी २००५ ला रॅलेत जेमतेम इंचभर हिम पडलं. अंदाज किरकोळ होता, रस्त्यावर मीठ नव्हतं, पारा खूप खाली होता. दुपारी सगळ्या कचेऱ्या आणि शाळा एकदमच सुटल्या. चाकांखाली हिम वितळलं, लगेच काचेसारखं गोठलं, आणि वीस मिनिटांच्या रस्त्याला आठ-आठ तास लागले. हजारो मुलं रात्री शाळेतच झोपली. घसरण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच वेळी निघणं नडलं. मीठवाल्यांना दोष देण्याआधी हेही लक्षात घ्या की वादळ पावसाने सुरू होणार असेल तर आधी शिंपडलेलं खारं पाणी वाहून जातं, म्हणून ते शिंपडतच नाहीत. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. आणि वादळ संपल्याच्या दुसऱ्या सकाळी, ऊन पडलेलं असताना, आदल्या दिवशीचं वितळलेलं पाणी सावलीत परत गोठलेलं असतं. सासऱ्यांचा मॉर्निंग वॉक तेव्हा सुरू करायचा नाही. पायरीवर उतरावंच लागलं तर बदकासारखं, पाऊल पूर्ण टेकवून, हात खिशाबाहेर. पायऱ्यांवर मीठ किंवा वाळू टाका. गरम पाणी ओतू नका, पंधरा मिनिटांत त्याचीच घसरगुंडी होते. गाडीच्या काचेवर तर अजिबात नाही, तडा जातो.

गॅरेजच्या दाराची मोटरही विजेवर चालते, हे वीज गेल्यावर कळतं. छताला लोंबणारी लाल दोरी ओढली की दार हाताने उचलता येतं. शुक्रवारी उजेडात एकदा ओढून बघा.

आणि एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. वादळानंतर बाहेर जाऊन घरावर येणारी विजेची तार जिथे भिंतीला लागते तिथला उभा पाइप बघा, लांबूनच. फांदी पडून तो वाकला किंवा भिंतीपासून सुटला असेल, तर सहसा तो पाइप आणि मीटरचा डबा ही घरमालकाची जबाबदारी असते. वीज कंपनीची माणसं आली तरी तार न जोडता निघून जातात, आणि शेजारी दिवे लागलेले असताना तुमच्याकडे अंधार राहतो. त्याला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे रांग असते. नंबर आजच लिहून ठेवा. जमिनीवर पडलेल्या तारेजवळ मात्र कुणीच जायचं नाही, ती मेलेली आहे असं वाटलं तरी. तुमच्या वसाहतीत तारा जमिनीखालून असतील, नव्या केरीत बहुधा तसंच आहे, तर हा पाइप नसेल. पण त्या वसाहतीला वीज आणणारी मोठी लाइन कुठेतरी मैलभर अलीकडे पाइनच्या झाडांमधूनच येते.